स्टॉप फक्त उतारावर

दुसऱ्याच्या घरचे किस्से साठवायला जागा लागत नाय. ओटी रस्त्याला लागून हवी आणि कान उघडे हवेत, बास! सापगावात मला पाठीमागे 'चौकशी ऑफिस' म्हणतात. म्हणोत बापडे. पण शेजारच्या काशिनाथचे आणि त्याच्या बायकोचे, सुगंधाचे किस्से माझ्याशिवाय सांगणार कोण? पूर्वी सांगताना पोट धरून हसायचे. आता हसता हसता मध्येच थांबायला होतं.

*

काशिनाथची जीप शहापूरच्या फेऱ्या मारते. स्टार्टर कधीचाच मेलेला. म्हणून गाडी उभी करायची ती देवळापुढच्या उतारावर, चाकाखाली दगड लावून. सकाळी सुगंधाने दगड काढला की जीप घरंगळायची, काशिनाथ गिअर टाकायचा, की चालू!

पण उताराची जागा दुसऱ्या गाडीने अडवली असली, की आख्खी आळी ढकलायला. कुणी ब्रश तोंडात धरून, कुणी टॉवेलवर! हालेपर्यंत पाच जणांचा घाम निघायचा. एकदा हालली की एका हाताने ढकलली तरी पळायची.

माझी सातवी झालीय. बाई शिकवायच्या, बसलेली वस्तू बसूनच राहते आणि चाललेली चालतच राहते, कुणी जोर लावेपर्यंत. पुस्तकात त्याला जडत्व म्हणतात.

आमच्या आळीत त्याला काशिनाथची जीप म्हणतात!

*

एकदा आमी सगळे बारशाला निघालो. सुगंधा पुढच्या सीटवर, मांडीवर कढीचं पातेलं. वाटेत म्हैस आडवी आली. काशिनाथने करकचून ब्रेक मारला.

जीप थांबली. कढी नाय थांबली! समोरची काच पिवळी, काशिनाथचा शर्ट पिवळा. मागच्या बाजूला आळीतले सखारामभाऊ थेट त्यांच्या विहीणबाईंच्या मांडीवर!

काशिनाथ ओरडला, "ब्रेक मी गाडीला मारला, कढीला कुणी बोलावलं पुढं?"

सुगंधा पदराने काच पुसत म्हणाली, "अवो, थांबायचं असलं की आधी तोंडानं सांगत जा. माणसं बसलीत, गोणी नाय!"

*

इंजिनही म्हातारं, गाडी उभी राहिली की बंद पडणार, म्हणून काशिनाथचे स्टॉप फक्त उतारावर. सपाटीवर कुणी हात केला तर गाडी हळू व्हायची, माणसाने पळत चढायचं. उतरतानाही गाडीबरोबर चार पावलं पळायचं. आमच्या पोरीबाळींनासुद्धा ते जमायचं.

आळीतल्या एका नव्या जावयाला कुणी सांगितलं नव्हतं. तो उतरला आणि जागीच उभा राहायला गेला. पाय थांबले, जावई पुढे गेला! कोऱ्या कपड्यांसकट खाचराच्या चिखलात पालथा.

काशिनाथ खिडकीतून म्हणाला, "पाव्हणं, सासुरवाडीला एवढं लोटांगण कशाला?"

*

मग गेल्या मे महिन्यातलं.

सुगंधाची आई आजारी होती. भावाचा फोन आला, लगेच निघ. सुगंधा पिशवी घेऊन फाट्यावर उभी राहिली. काशिनाथची जीप आली ती लग्नाचं वऱ्हाड भरून. आत पाय ठेवायला जागा नाय. आणि फाटा सपाट.

"येतो गो पुढच्या फेरीला!" असं ओरडून तो गेला.

ती उन्हात वाट बघत राहिली. शेवटी एसटीने मुरबाडला, तिथून पुढे माहेरी. पोचली तेव्हा आईची वाचा गेली होती. दुपारपर्यंत हिचंच नाव घेत होती म्हणे.

मी काशिनाथला धारेवर धरलं. तो म्हणाला, "आई आजारी माहीत होतं वैनी, इतकी आहे हे माहीत नव्हतं. आणि नव्या कापडातल्या माणसांना ढकलायला कसं लावू?"

*

सुगंधा माहेरीच राहिली. आईचं करायचंय, म्हणायची. खरं मला फोनवर सांगितलं, "ताई, मला रस्त्यावर सोडून ते गेले. न्यायला त्यांनी यावं."

इकडे काशिनाथ, "स्वतः गेली, स्वतः येईल!"

पावसाळा गेला, भात कापून झालं. दोघंही जागची हालेनात.

एका सकाळी काशिनाथने चाकाखालचा दगड स्वतःच काढला. आत बसायच्या आधी! जीप एकटीच निघाली. पुढे जीप, मागे काशिनाथ, त्याच्या मागे आळीतली कुत्री! जीप पेंढ्याच्या उडवीत घुसली आणि हा बोनेटवर आडवा.

"वैनी," तो पेंढ्यातून म्हणाला, "सुगंधाला सांगू नको."

मी लगेच फोन लावला. ती खूप हसली. मग हळूच म्हणाली, "लागलं का ओ त्यांना?"

*

तेव्हा मीच जोर लावला. म्हटलं, "काशिनाथ, चल. मी येते मागं बसून."

गाडी धुतली, पुढची सीट पुसली, नवा शर्ट घातला. सुगंधाचं माहेर सिद्धगडाच्या बाजूला. डोंगर एवढा जवळ, पण गाव पाटासारखं सपाट! काशिनाथने उतार शोधत गावाला वळसा घातला. उतार नाय. मग तो तिच्या अंगणापुढच्या खळ्याभोवतीच जीप फिरवायला लागला. आख्खं गाव गोळा झालं.

सुगंधा ओटीवर उभी.

पहिल्या फेरीला तो ओरडला, "न्यायला आलोय गो!"

दुसऱ्या फेरीला, "त्या दिवशी थांबायला पायजे होतं!"

तिसऱ्या फेरीला ओटी रिकामी. चौथ्या फेरीला ती बाहेर आली, हातात पिशवी! दारात तिची आई, भिंतीला धरून. सुगंधा चालत खळ्याच्या कडेला आली.

"थांबा," ती म्हणाली.

"चढ गो, पळत चढ! थांबली तर बंद पडेल!"

"बंद पडू दे रे!" मी मागून ओरडले. इंजिनापुढे माझं कोण ऐकतो?

जीप पुन्हा फिरून आली. तिने पिशवी खाली ठेवली होती.

"थांबा ना ओ."

"अगो चढ ना!"

त्याच्या पुढच्या फेरीला ती घरात गेली होती. काशिनाथने जीप रस्त्याला घातली. मुरबाड सोडल्यावर एका उतारावर गाडी उभी केली.

"बंद पडली असती तर तिथं ढकललं कुणी असतं, वैनी?"

घरी आल्यावर मी सुगंधाला फोन लावला, त्याचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला.

ती म्हणाली, "ताई, माझे दोन्ही भाऊ बाह्या सरसावून उभे होते."