मुंग्यांनी केलेलं निदान

मला शुगर नाही. हे मी आजवर एकाच माणसाला ऐकवलंय, पुण्याच्या किडनीच्या डॉक्टरांना. ते म्हणाले, "माहितीये. गोळी शुगरचीच आहे, पण तुम्हाला ती किडनीसाठी देतोय."

शिक्रापूरजवळ जुन्या बॅटऱ्यांचं शिसं वितळवतात, तिथं मी कैक वर्षं भट्टीवर आहे. शिसं रक्तात उतरलं, किडनीला लागलं. डॉक्टर म्हणाले, गोळी किडनीला आधार देईल, पण शिसं बाहेर काढणार नाही. भट्टी सोडा. सोडा म्हणे! सांगायला काय जातंय?

आठवडाभर भाड्याच्या खोलीत एकटाच डोकं धरून बसलो. खोलीतला जोडीदार बिहारचा, त्याची पाळी वेगळी. बोलायचं तर भिंतीशी. शेवटी ठरवलं, रविवारी गावी, खुटबावला जाऊन बायकोला सगळं सांगायचं. तिनं एकदा "सोडा" म्हटलं असतं, तर मी परत भट्टीचं तोंड बघितलं नसतं.

पण या गोळीनं लघवीतून साखर जाते. रविवारी सकाळी घरी पोचलो, मोरीतून आलो, जरा वेळानं बायको आत गेली आणि तिथूनच ओरडली, "आवो, मुंग्या लागल्यात!" आमच्याकडं मोरीला मुंग्या लागल्या की रक्त तपासायची गरज उरत नाही. तिनं माझ्या पिशवीतली गोळ्यांची पट्टी काढली आणि तडक शेजारी जावेकडं गेली. जावेला शुगर आहे, तिचीही हीच गोळी.

परत आली ती मटकन खालीच बसली. मी सांगायला तोंड उघडलं, तर ही हसायलाच लागली, डोळ्यांत पाणी.

"देवा! तुमचं वाळल्यालं तोंड बघून माझ्या जिवाला किती घोर! म्हटलं, काय मोठं दुखणं असंल. शुगर व्हय! ती तर आता घरोघरी हाय."

इतकं हलकं झालेलं मी तिला कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. मनात म्हटलं, शुगर तर शुगर, च्यायला.

तिनं बिनसाखरेचा चहा आणला, दोन कप. "आजपास्नं मी बी साखर सोडली. तुम्ही एकट्यानंच का सोसायचं?"

मला रडूच फुटलं. ती पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "आवो, गोड सुटलं म्हणून कुणी रडतं व्हय?"

सोमवारी पहिल्या पाळीला मी भट्टीवर होतो.