आधी इंजिन बंद, मग चहा

चहाचा ग्लास पुढे करायचा आणि ट्रकवाल्यानं केबिनमधून हात लांबवला की मागे ओढायचा, ही आमच्या टपरीवाल्यांची रीत. "आधी इंजिन बंद कर बे, मंग चहा!" ड्रायव्हर पुटपुटत चावी फिरवायचे आणि तो पांचट चहा प्यायचे. वरठीच्या रस्त्यावर, आमच्या शाळेसमोर त्यांची टपरी होती. असा हट्टी माणूस तुमच्याही रस्त्यावर असेलच.

मी तेव्हा मुख्याध्यापिका. आज नातवंडांच्या खोड्या काढणारी ही आजी तेव्हा इतकी कडक होती की इस्त्रीच्या साडीलाही धाक वाटावा. धुरावर माझा राग. आणि ट्रक थांबतात ते टपरीमुळे, म्हणून टपरीवाल्यांवर दुप्पट. चहा मात्र रोज त्यांचाच मागवायची. तत्त्वं पाळायलाही तरतरी लागते हो!

मग ग्रामपंचायतीत सुनावणी लागली. धूर-धूळ कमी करायला ट्रक गावाबाहेरून वळवावेत का, यावर लोकांचं म्हणणं ऐकायला तालुक्याचे साहेब येणार होते. टपरीवाले विरोध करणार हे मी ठरवूनच टाकलं. त्यांची सगळी गिऱ्हाइकं ट्रकवालीच ना! त्यांना खोडून काढायला मी तीन पानी भाषण लिहिलं. 'श्वसनसंस्था' हा शब्द सात वेळा.

"कोणाला बोलायचंय?" साहेबांनी विचारलं. पहिले टपरीवालेच उठले.

"ट्रक वळवा जी. पोरं पटांगणात खिचडी खातात, वरतून धूळ पडते. दिवसभर खोकलून राहिले ना."

मागून कोणी ओरडलं, "काहो, मंग तुमची टपरी?"

"बसन. दुसरं काय? तसाही चहा पांचटच हाये. ट्रकवाले मजबुरीनं पेतात."

सभा हसली. ते मात्र हसले नाहीत. खुर्चीचा हात घट्ट धरून खाली बसले.

शहाणी बाई इथं गप्प राहिली असती. मी उठले आणि तिन्ही पानं वाचली. जो माणूस माझ्याच बाजूनं बोलून बसला होता, त्यालाच खोडत राहिले. शेवटी टाळ्या एकट्यानं वाजवल्या, त्यांनीच. "बाई, समजलं काई नाही, पण आवाज मस्त हाये जी!"

ट्रक वळले. टपरी तगावी म्हणून आम्ही शिक्षक दिवसाला चार-चार चहा ढोसू लागलो. पित्तं तेवढी वाढली. दिवाळीआधी टपरी बंद झाली आणि ते लाखांदूरला लेकीकडे गेले. गावानं सत्कार कोणाचा केला? भाषणवालीचा. मीही मान तुकवून शाल घेतली, बरं का.

ती शाल पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मला कपाटात टोचत राहिली. शेवटी एसटीनं लाखांदूर गाठलं. "ही तुमची," म्हटलं.

"मे महिन्यात शाल, बाई?" पण दोन्ही हातांनी घेतली. "पोरं कशी हायेत?"

"पटांगणातच जेवतात. खोकला कमी आहे."

"अन् तुमी चहा कोठं पेता?"

"सोडला."

"बरं केलं," ते म्हणाले. घडी न मोडता त्यांनी शाल मांडीवर ठेवली आणि तिच्यावरून हात फिरवत राहिले, बराच वेळ.