चावी तिच्या गळ्यात

शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की मला हिंगोलीतलं आमचं अंगण आठवतं. मामांनी हैदराबादहून आणलेल्या पत्र्याच्या आगगाडीला आम्ही तेच तेल घालायचो. आम्ही म्हणजे मी आणि शेजारची मैत्रीण. ज्वारीच्या धाटांचे रूळ, विटांचा पूल, फुटक्या माठाचा बोगदा. एकटीनं कुणी खेळायचं नाही, म्हणून गाडी माझ्याकडे असायची आणि तिची चावी मैत्रिणीच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात. मग रझाकारांची दहशत वाढली आणि एका दुपारी तिच्या घरच्यांनी पैनगंगेपल्याड, निजामाच्या हद्दीबाहेर जायला बैलगाडी जुंपली. ती भांड्यांच्या मधे अवघडून बसली होती, गळ्यात चावी. मी विचारलं, "कवा येशील?" ती म्हणाली, "बाबा म्हणून राहिले, पेरणीला वापस येऊ." चावी मागायला माझी जीभ उचलली नाही. मागितली असती, तर ती येणार नाही हे मीच कबूल केल्यासारखं झालं असतं. पेरण्या झाल्या, सुगी झाली, अंगणातले रूळ वाळवीनं खाल्ले. आता म्हातारपणी जुन्या बाजारात चावीची गाडी दिसली की मी घेते, कपाट भरलंय. त्यांतली एकही चावी त्या पहिल्या इंजिनाला मी लावून पाहिलेली नाही.