मामांचा गूळ मी बंद केला

आधीच माफी मागतो. शाळा लवकर सोडली, मराठी आईच्या तोंडून शिकलो, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकणार आणि शब्दही साधेच असणार. पण स्वतःचा मूर्खपणा सांगायला भारी शब्द कशाला लागतात?

मी इस्रायलमध्ये डिमोना गावच्या बसस्टँडवर एका टपरीत कामाला होतो. मोझेसमामा ठाण्याहून आलेले, त्यांचं हिब्रू जेमतेम. म्हणून जवळच्या बेरशेबा शहरातल्या किडनीच्या डॉक्टरीणबाईंकडे दुभाष्या कोण? तर मी! गिऱ्हाइकाने नाव विचारलं तरी घाम फुटणारा माणूस.

मामांच्या किडनीचा तुकडा काढून तपासला होता. बाई म्हणाल्या, "किडनी अगदी मधुमेह्यासारखी झालीय, पण यांची साखर कधीच वाढलेली नाही. सिगारेट ओढतात का?"

आता तुम्हीच सांगा, मामा शेजारी बसलेले. मोठ्यांचं व्यसन परक्या बाईपुढे कसं काढायचं? मी मान खाली घालून "नाही" म्हटलं.

बाई बुचकळ्यात पडल्या. मी मुळीच पडलो नाही. मधुमेह्याची किडनी म्हणजे साखर. रक्तात सापडली नाही तर मामीच्या डब्यात सापडेल! बाहेर आल्यावर मामांना एवढंच सांगितलं, "गोड बंद."

घरी मामा तपासणीहून सुखरूप परतले म्हणून मामीने एलियाहू हनवीचा, म्हणजे आम्हा ज्यूंच्या प्रेषिताच्या नावाचा, मलिदा केला होता. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वेलची. प्रार्थना झाली, ताटल्या भरल्या आणि मी सगळ्यांदेखत मामांपुढची ताटली उचलली. जन्मात एकदा चारचौघांत धीट झालो, तो तिथे.

"अरे, माझ्यासाठीच केलाय ना तो?" मामा म्हणाले.

मग ते चहाही बिनसाखरेचा पिऊ लागले. तोंड एवढंसं झालं. मला बघवेना. म्हणून रोज टपरीवरून सुटलो की त्यांच्यासाठी सिगारेटचं पाकीट न्यायचो. गोड नाही तर नाही, माणसाला काहीतरी सुख हवं की नको?

पुढच्या खेपेला किडनी आणखी बिघडलेली निघाली. बाईंना मामांच्या खिशातलं पाकीट दिसलं. त्यांनी मला शांतपणे समजावलं, की साखर नसतानाही किडनी अशी होऊ शकते आणि त्यात सिगारेटचा हात असतो, म्हणून तर विचारलं होतं. गुळाचा काही संबंध नव्हता. "यांना आणून कोण देतं?"

तेवढं हिब्रू मामांना नेमकं कळलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते अभिमानाने म्हणाले, "हा. येलेद तोव." गुणी पोर!

परतीच्या बसमध्ये मी सगळं मराठीत सांगितलं.  मामांनी एवढंच विचारलं, "म्हणजे गूळ चालत होता?"



दुसऱ्या दिवशी टपरीवरून सुटल्यावर मामीकडून वाटीभर मलिदा करून घेतला आणि माझ्या हाताने मामांपुढे ठेवला. त्यांनी सावकाश खाल्ला, वाटी बोटाने पुसली आणि सवयीने माझ्यापुढे हात पसरला. माझा हात खिशात गेला. पाकीट तिथे होतं. मीही सवयीनेच आणलं होतं.