दत्तूमामांचा विरजणाचा हात

"भांडी मात्र दत्तूसारखी कुणी धुतली नाहीत," माझ्या पाठीमागे सर कुणाला तरी सांगत होते. राजूरला मामांच्या घरापुढे मांडव होता. मामांची दशक्रिया आटोपून माणसं चहा घेत होती. सर माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक. ते कोकणातून एवढा घाट चढून आले होते. मी तिथे असेन याची त्यांना कल्पना नव्हती. दत्तू माझे सख्खे मामा, हेही त्यांना माहीत नव्हतं.

मामा सरांच्या कोकणकिनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं अटेंडंट होते. इंग्रजी शाळेतून शिकून मी तिथे संशोधनाला गेले, तेव्हा पहिल्याच दिवशी ते समोर आले. माझ्या चेहऱ्याकडे त्यांनी क्षणभर पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, पानी कुठं ठेवू?" मी टेबलाकडे बोट दाखवलं. पुढची पाच वर्षं चारचौघांत मी मॅडमच राहिले.

आमचं काम सी अर्चिनवर होतं. हा समुद्रातला काटेरी गोळा. त्याची अंडी शरीराबाहेर फळतात आणि भ्रूण काचेसारखा पारदर्शक असतो, म्हणून एकाच्या दोन पेशी होताना डोळ्यांनी दिसतात. माझ्या अंड्यांत मात्र त्या दिसत नव्हत्या. सगळी अंडी फळावीत म्हणून मी शुक्राणूंचं पाणी सढळ हाताने घालायचे, आणि एकेका अंड्यात अनेक शुक्राणू शिरून भ्रूण वेडेवाकडे व्हायचे. असे तीन महिने गेले. एका दुपारी खोलीत दुसरं कुणी नसताना मामा जवळ आले.

"पोरी, तुझी आजी इरजन कसं लावायची? बोट बुडवायची न् तेवढंच दुधाला. लई घातलं की आंबतंय."

त्यांनी काचेच्या काडीचं टोक शुक्राणूंच्या पाण्यात बुडवलं, अंड्यांच्या पाण्यात फिरवलं आणि भांडी घेऊन निघून गेले. तासाभराने भिंगाखाली दोन-दोन पेशी, एकसारख्या... प्रबंधात ती कृती मी आकड्यांत लिहिली. आभार मानले ते 'तांत्रिक कर्मचाऱ्यांचे'.

मामांच्या निवृत्तीनंतर मी प्रबंध घेऊन राजूरला गेले होते. मामांनी पानं उलटली, चित्रांपाशी थांबले. मग हसत म्हणाले, "आमचं नाव लई बारीक लिवलंय का? चष्मा आनतो." मी म्हटलं, हो, बारीकच आहे. त्यांनी चष्मा आणला नाही. मामीला चहा टाकायला सांगितलं. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

मांडवात सरांनी मला पाहिलं. आश्चर्याने विचारलं, तू इथे कशी? ओळखीचे होते, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. तोंडात तेच आलं होतं. मामी दोन हातांच्या अंतरावर बसली होती, ऐकत होती.

"सर, ते माझे मामा," मी म्हटलं. "प्रबंधातली ती कृती त्यांची आहे. त्यांचं नाव मी लिहिलं नाही."