पेन्सिलीच्या खुणा

गेल्या जूनमध्ये मी गेस्टरूमच्या कपाटातली सगळी मराठी पुस्तकं काढून पलंगावर मांडली. सदतीस भरली. भारतातून परतताना दर खेपेला पाच-सहा आणायची, वजनकाट्यावर बॅग जड झाली की साड्या काढून नवऱ्याच्या बॅगेत कोंबायच्या, पण पुस्तकं काढायची नाहीत, आणि इथं अमेरिकेत, कॅरी गावी, घरी आल्यावर ती कपाटात ठेवून द्यायची. वाचायची राहूनच जायची. त्या महिन्यात लायब्ररीत मोठ्या माणसांसाठी उन्हाळी वाचनाचा कार्यक्रम लागला होता. मी त्याचा कागद घरी आणला, तेव्हा माझी सोळा वर्षांची लेक म्हणाली, "आई, तुझ्याकडे ऑलरेडी एवढी बुक्स आहेत. यू नेव्हर ओपन देम."

ते लागलं. मी ठरवलं, या उन्हाळ्यात नवीन काही आणायचं नाही, हीच वाचायची. माझं काम घरूनच असतं आणि उन्हाळ्यात जरा सैल असतं. लेक दुपारी कॉलनीच्या स्विमिंग पूलवर लाइफगार्डच्या नोकरीला जायची, नवरा सकाळीच गाडी काढून ऑफिसला. घरात मी आणि बाहेर झाडांवर किरकिरणारे किडे.

पहिली दोन पुस्तकं बरी गेली. मराठी वाचायचा वेग इतका मंदावला होता की माझी मलाच लाज वाटली, पण दुसऱ्या पुस्तकाच्या मध्यावर जीभ सुटावी तसे डोळे सुटले. तिसरं पुस्तक खाकी कव्हर घातलेलं, बारीकसं होतं. घाटमाथ्यावरच्या एका लहान गावात बदली होऊन आलेल्या पोस्टमास्तरीणबाईंची गोष्ट. कधी घेतलं, आठवेना. माझी आई सांगलीच्या पोस्टात तीस वर्षं काउंटरवर होती, तेव्हा विषय पाहून घेतलं असणार, असं मनाशी म्हणत मी वाचायला बसले.

सातव्या-आठव्या पानावर समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'असं नसतं. आधी सही, मग पैसे.' बाई मनीऑर्डर देतात तो प्रसंग होता. मला हसू आलं. जुन्या बाजारातलं पुस्तक दिसतंय आणि आधीचा मालक मोठा चिकित्सक होता, असं वाटलं. चार पानांनी पुन्हा, 'थैलीचं सील आधी बघतात. ही सरळ फाडते.' मग, 'पावसाळ्यात लाख अशी चिकटत नाही.' त्या माणसाबद्दल मला आपुलकी वाटू लागली. पुढं काय चूक काढतो याची वाट पाहत मी पानं उलटत होते.

एकविसाव्या पानाखाली एक आडवी रेघ होती आणि रेघेखाली लिहिलं होतं, 'इथं आई झोपली.'

त्यातला 'झ' माझा होता. आमच्या शाळेतल्या बाईंनी जुन्या वळणाचा 'झ' शिकवला होता, तो मी अजून तसाच काढते. इथल्या मराठी शाळेत शिकवायला जाते तिथली मुलं त्याला हसतात. मी मागची पानं पुन्हा उघडून पाहिली. 'नसतं', 'सही', 'फाडते'. सगळं अक्षर माझं. इतका वेळ मी माझंच अक्षर परक्याचं म्हणून वाचत होते.

मी भराभर पुढं गेले. अडतिसाव्या पानावर रेघ, 'आई झोपली'. बावन्न. सत्तरच्या जवळ एकाच पानावर दोन रेघा, 'झोपली' आणि 'पुन्हा जागी'. अशा नऊ दिवसांच्या असाव्यात इतक्या खुणा, आणि एकशे बेचाळिसाव्या पानावर शेवटची. त्यापुढची पानं कोरी होती, नवीन पुस्तकाची असतात तशी एकमेकांना चिकटलेली.

माझी आई अकरा वर्षांपूर्वी सांगलीच्या हॉस्पिटलात वारली. मी तेव्हा तिथं होते, हे मला ठाऊक होतं. पण त्या दिवसांचं मला जे आठवतं ते असं, की आई कॉटवर पडलेली आहे, आणि मी खिडकीशी लॅपटॉप मांडीवर घेऊन इथल्या ऑफिसचं काम करते आहे. ती काहीतरी म्हणते आणि मी म्हणते, "एक मिनिट हं, आई." अकरा वर्षं मी हे लोकांना सांगत आले. मैत्रिणींना सांगितलं. लेक जेवताना फोन घेऊन बसली की तिला तर कितीदा ऐकवलं, की माझी आई गेली तेव्हा मी स्क्रीनकडे बघत होते, तू तसं करू नकोस.

पुस्तक वाचून दाखवल्याचं मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

सकाळचे साडेनऊ झाले होते, म्हणजे तिकडे संध्याकाळचे सात. मी दादाला, माझ्या थोरल्या भावाला, फोन लावला. तो अजून सांगलीतच असतो. मी विचारलं, हॉस्पिटलात मी आईला काही वाचून दाखवत होते का.

तो म्हणाला, "असं काय विचारतेस? रोज वाचायचीस. ते पोस्टाचं पुस्तक."

मी लॅपटॉपचं विचारलं. त्यानं सांगितलं, की पहिल्या दोन दिवसांत मी तो उघडला होता खरा, पण त्याचा चार्जर जळला आणि मी लॅपटॉप त्याच्याकडे घरी ठेवायला दिला. पुस्तक हॉस्पिटलासमोरच्या स्टॉलवरून त्यानंच आणलेलं, मी वाचून दाखवावं म्हणून, कारण आईला स्वतःला पेपरचीही अक्षरं दिसत नव्हती. ती दर पानाला लेखकाच्या चुका काढायची आणि मला म्हणायची, लिही तिथं, कुणी पुढं वाचलं तर त्याला कळू दे. शेजारच्या कॉटवरच्या आजीसुद्धा ऐकायच्या. आई गेल्यावर त्यानं घरात आणि हॉस्पिटलात ते पुस्तक शोधलं होतं. मी ते सामानात घालून अमेरिकेत नेलं असेल, असं त्याच्या डोक्यातच आलं नाही. मला तर कधी घातलं तेही सांगता येईना.

मी म्हटलं, "दादा, मग मी इतकी वर्षं लॅपटॉपचं सांगत होते, तेव्हा तू बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, तुला त्याबद्दल बोलायचं नसेल," तो म्हणाला. "तू इतक्या ठामपणे सांगायचीस."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्याच पलंगावर पुस्तकांच्या मध्ये बसून राहिले. आनंद व्हायला हवा होता. मी आईपाशी होते, तिला वाचून दाखवत होते, हे कळलं होतं. पण मला भीती वाटत होती. एवढी मोठी गोष्ट जर माझ्याकडून पुसली गेली आणि तिच्या जागी मी दुसरीच उभी केली, तर बाकी जे मला आठवतं असं मी समजते त्यातलं खरं किती?

नवरा घरी आल्यावर त्याला पुस्तक दाखवलं. त्यानं एक पान उलटलं आणि सहज म्हणाला, "हां, हे ते. तू सांगलीहून फोनवर सांगायचीस ना रोज, पोस्टमास्तरीणबाईंचं पुढं काय झालं ते." त्यालाही ठाऊक होतं. म्हणजे मी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. तो म्हणाला, त्याला वाटायचं की लॅपटॉपची गोष्ट त्या पहिल्या दोन दिवसांची आहे, आणि मी स्वतःला जरा जास्तच बोल लावून घेते.

लेकीला सांगणं सर्वांत जड गेलं. तिला मी तीच गोष्ट शिस्त लावायला वापरली होती. मी सांगितलं, की ते तसं नव्हतं, आणि मला ते माहीत नव्हतं. तिनं पुस्तक हातात घेतलं. मराठी ती अडखळत वाचते, पण 'इथं आई झोपली' या तीन शब्दांवर बोट ठेवून तिनं ते बरोबर वाचले. मग म्हणाली, "सो यू वेअर विथ हर." आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली. फोनचा विषय तिनं काढला नाही, मीही नाही.

दुसऱ्या दिवशी दादाचाच फोन आला. तो आधी हवापाण्याचं बोलला. मग म्हणाला, "त्या बाईंचं शेवटी काय झालं गं? मी दाराशी स्टुलावर बसून ऐकायचो. मला शेवट माहीतच नाही."

मलाही माहीत नव्हता. म्हणून रोज सकाळी मी इथं चहा घेऊन बसायचे, तो तिकडे संध्याकाळी आपलं दुकान आवरून घरी यायचा, आणि मी फोनवर एकशे त्रेचाळिसाव्या पानापासून पुढं वाचायचे. वाचताना आपला आवाज कानावर आला की काही हलेल, हॉस्पिटलाची खोली दिसेल, असं मला वाटायचं. काही दिसलं नाही. दादा मात्र अध्येमध्ये सांगायचा, अशा ठिकाणी तू थांबून पाणी प्यायचीस, नावांचा असा घोटाळा झालेला आईला आवडायचा नाही. मी ते ऐकून घ्यायचे, दुसऱ्या कुणाची हकिगत ऐकावी तसं.

अकरा दिवसांत पुस्तक संपलं. पोस्टमास्तरीणबाईंची पुन्हा बदली होते आणि गावातलं कुणीच त्यांना निरोप द्यायला येत नाही, इथं लेखकानं गोष्ट सोडून दिली आहे.

"एवढंच?" दादानं विचारलं.

"एवढंच."

मग त्यानं विचारलं, तिकडे पाऊस आहे का. मी म्हटलं, नाही, कडक ऊन आहे, आणि लेकीला आज पूलवर लवकर सोडायचंय. तो म्हणाला, मग ठेव.