पर्यावरण धोरणाची घोकंपट्टी

नव्वदचं दशक निम्म्याच्या वर सरलं होतं आणि बंगळुरात जिकडेतिकडे संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती उठत होत्या. मी ज्या बांधकाम कंपनीत होते, तिला आनेकलच्या रस्त्यावर अशाच एका इमारतीचं काम मिळालं होतं. मी गुणवत्ता विभागातली कनिष्ठ इंजिनिअर. काँक्रीटचे ठोकळे मशिनवर फोडायचे आणि आकडे वहीत लिहायचे, एवढंच माझं काम. ते बरं चाललं होतं.

मग इमारतीच्या परदेशी गिऱ्हाइकानं कळवलं की पर्यावरणाचं प्रमाणपत्र असलेल्या कंपनीलाच पुढचं काम मिळेल. आमच्या एमडींना त्याच आठवड्यात निसर्गप्रेमाचा पान्हा फुटला. मुंबईहून सल्लागार आले, त्यांनी चार दिवसांत कंपनीचं पर्यावरण धोरण लिहून हातात ठेवलं. टाइप करायच्या आधी मी ते वाचलं. त्यात एक वाक्य होतं : ‘चिमणीतून बाहेर पडणारा धूर आम्ही दरवर्षी कमी करू.’

“सर, आपल्याकडे चिमणी नाहीये,” मी म्हटलं.

“मग पाळायला सोपंच आहे ना,” सल्लागार म्हणाले आणि चहा मागवला.

धोरणावर एमडींची सही झाली, फ्रेम झाली, रिसेप्शनच्या भिंतीवर ते लागलं. त्यानंतर पर्यावरण समिती आली. समिती वर्षभर नियमित बसते आहे असं कागदावर दिसायला हवं होतं, आणि ती तर तोवर जन्मालाही आली नव्हती. मी एका दुपारी सगळ्या बैठकांचे वृत्तांत लिहून काढले. प्रशासन विभागाच्या साहेबांनी तीन वेगवेगळ्या शाईंची पेनं आणून दिली आणि सुचवलं, “एखाद्या बैठकीला मला गैरहजर दाखवा. खरं वाटतं.” मी त्यांना दोनदा गैरहजर दाखवलं. एकदा तर तापानं आजारीच पाडलं. त्या दुपारी मला हसू येत होतं, लाज वाटत नव्हती, हेही इथे सांगायला हवं.

लाज वाटायला लागली ती साइटवर. प्रमाणपत्राची एक अट होती की धोरण शेवटच्या मजुरापर्यंत पोचलेलं असावं. आमचे बरेच मजूर सोलापूर, अक्कलकोटकडचे. साहेबांना एकदम आठवलं की आपल्याकडे एक मराठी मुलगी आहे. माझे वडील नोकरीसाठी इकडे आले त्यालाही पंचवीस वर्षं होऊन गेली होती. घराबाहेर माझं मराठी कुणाच्या कामाला आलं नव्हतं. ते आता आलं.

रोज जेवणाच्या सुट्टीनंतर अर्धा तास मी मजुरांकडून धोरण पाठ करून घ्यायचे. काँक्रीट मिसळायच्या यंत्रापाशी झाडलोट आणि धुण्याचं काम करणारी एक बाई होती, चाळिशीची, कपाळावर मोठं गोंदण. मी तिला मावशी म्हणायचे. तिचं पाठांतर सगळ्यात चांगलं होतं आणि शंकाही तिलाच यायच्या.

“कटिबद्ध म्हंजी काय ओ, बाई?”

“म्हणजे कंबर कसून तयार.”

“कुनाची कंबर?”

सगळे हसले. मग तिनं मला उठवून यंत्रामागे नेलं. काँक्रीटच्या गाड्या धुतलेलं राखाडी पाणी चरातून सरळ वाहत खालच्या तळ्यात जात होतं. तळ्याच्या काठची पांढरट साय सुकून तडकली होती. मजुरांच्या झोपड्या तिथेच होत्या, बायका त्याच पाण्यात कपडे धूत. तिनं हात पुढे केले. बोटांच्या बेचक्यांत कातडी फाटली होती.

नकाशात तिथे ते पाणी निवळायच्या तीन टाक्या दाखवल्या होत्या. मी साइट मॅनेजरना विचारलं. ते म्हणाले, “ती जागा लॉनला दिली. पाहुणे त्याच बाजूनं येतात. स्वल्प अॅडजस्ट माडी.” ‘जरा सांभाळून घ्या’ अशा अर्थाचं हे कन्नड वाक्य या शहरात सगळ्याला पुरतं.

तपासणीच्या दिवशी सकाळपासून एकही गाडी धुतली नाही. चर कोरडा, लॉन ओलं. चेन्नईहून आलेले ऑडिटर वयस्क होते, सभ्य होते. फायली पाहून झाल्यावर ते म्हणाले की मला एखाद्या मजुराशी बोलायचं आहे. मॅनेजरनी तयार करून ठेवलेला मुकादम पुढे आला. ऑडिटरनी नकाराची मान हलवून मावशीकडे बोट दाखवलं. दुभाषी अर्थातच मी.

तिनं धोरण म्हटलं नाही. म्हणाली, “सांगा त्यांला, गाड्या धुतल्यालं पानी तळ्यात सोडत्यात. आज न्हाई सोडलं, तुमी येनार म्हून. आमची कातडी जातीया.”

मॅनेजर माझ्याकडे पाहत होते. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण माझा चेहरा कळत असावा. मी शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला.

ऑडिटर प्रसन्न झाले. “उत्तम!” ते म्हणाले. “इतक्या खालच्या पातळीवर परिणामांची जाणीव आहे. फार क्वचित आढळतं हे.” आणि त्यांनी ते तसंच लिहून घेतलं, कंपनीच्या जमेच्या बाजूला. टाक्यांविषयी ‘भविष्यात विचार व्हावा’ अशी एक ओळ पडली. प्रमाणपत्र मिळालं. मॅनेजरनी माझी पाठ थोपटली.

“सांगितलं न्हवं तुमी?” मावशीनं आठवड्यानं विचारलं. “मग?”

मी तिला ‘भविष्यात विचार व्हावा’ ही ओळ सांगितली. तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. पुढच्या रविवारी झोपड्यांतल्या बायकांनी मिळून चराच्या तोंडाशी खड्डा खणला, फुटक्या विटांनी बांधून काढला, आणि पाणी त्यात वळवलं. गाळ खाली बसायला लागला. जे तीन टाक्यांच्या नकाशाला जमलं नव्हतं ते एका सुट्टीच्या दिवसात झालं.

कंपनीनं लगेच फोटोग्राफर पाठवला. वार्षिक अहवालात त्या खड्ड्याला अख्खं पान मिळालं, वर मथळा : ‘आमची बांधिलकी’. मी तो अहवाल मावशीला नेऊन दाखवला. तिनं पान जवळ धरलं, लांब धरलं.

“ह्यात आमी कुटं हाव?”

फोटोत हेल्मेट घातलेले मॅनेजर होते, एमडी होते, आणि फावडं. फावडं एमडींच्या हातात होतं.

इमारत झाल्यावर मजूर यशवंतपूरकडच्या दुसऱ्या कामावर गेले. खड्डा बुजवून तिथे स्कूटरींसाठी जागा केली. अहवालाला कुठलंसं पारितोषिक मिळालं. समारंभाला कंपनीनं मलाही नेलं होतं, मी रेशमी साडी नेसून गेले आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. जेवण चांगलं होतं.